अकरावा आवाज

मी देव मानत नव्हतो असं नाही. मी देवीशी बोलणं टाकलं होतं, एवढंच. बांधावरून भांडण झालेली घरं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात, तसा मी चार वर्षं तिच्या टेकाडाखालून स्टेशनात जात होतो. आमचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं झालं तेव्हा मी स्वतः त्याला तिच्या पायावर घातलं होतं. दुसऱ्यालाही घातलं. दोघंही वर्षाच्या आत गेली. बायको तरीही दर मंगळवारी टेकाड चढत राहिली आणि मी तिच्यावर, देवीवर नि गुरवावर, तिघांवर सारखाच चिडत राहिलो. स्वभावच तिरसट. नाकावर माशी बसू देत नाही, असं माझी आई म्हणायची, ते खरंच होतं.

नगरला एका छापखान्यात मी कंपॉझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायच्या. लग्नपत्रिकांचं काम फार, आणि प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' हवंच. ती ओळ एवढ्यांदा लागायची की आम्ही तिचे खिळे कधी सोडवतच नसू. सुतळीनं बांधून खणात तयार ठेवलेली असायची. मी ती उचलताना मनात म्हणायचो, बाई, सगळ्या जिल्ह्यावर तू माझ्या हातानं प्रसन्न होतेस, तेवढी माझ्यावर व्हायची राहिलीस. त्या काळातला माझा भक्तिभाव हा असा.

राहायला आम्ही विळदला. पहाटेच्या पॅसेंजरनं नगर गाठायचं. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि नगर पडलं लष्करी गाव, त्यामुळे दिवे लावायची बंदी आली. गाडीच्या डब्यातही दिवे नाहीत, खिडक्यांच्या झडपा पाडलेल्या. उजाडायच्या आत ती गाडी यायची ती नुसता आवाज होऊन यायची. डबा हाताला लागला की चढायचं. आत रोजची माणसं बसलेली, पण दिसत कुणीच नसे. कोण खोकतं, कुणाच्या घोंगडीचा वास येतो, यावरून ओळखायचं.

आमच्या डब्यात पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते, आता नगरला एका गोदामावर पहारेकरी. त्यांनी पहिल्याच दिवशी शिस्त लावून दिली. गाडी हलली की ते म्हणायचे, "चला, गिनती." मग ज्यानं त्यानं आपला आकडा बोलायचा. अंधारात कुणी चुकलं, कुणी खाली राहिलं, तर कळावं म्हणून. आम्ही दहा जण होतो. माझा सातवा आकडा. मला तो पोरखेळ वाटायचा, पण सात म्हणायचो.

त्याच दिवसांत बायको नगरच्या दवाखान्यात होती. महिनाभर अंगावरून जात होतं आणि तिनं ते माझ्यापासून लपवलं होतं. दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाची पिशवी काढावी लागेल, अंगात रक्त फार कमी आहे, नक्की काही सांगता येत नाही. ऑपरेशन सकाळी आठला ठरलं. त्याआधी माझी सही हवी होती. आदल्या संध्याकाळी तिच्याजवळ तिची बहीण थांबली आणि मी कपडे आणायला गावी निघालो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "येताना देवीचा अंगारा आनाल का? एवढं माझं ऐका."

मी हो म्हटलं. आणि टेकाड चढलो नाही. आता सांगतो ते मी पुढे पुष्कळ दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी बंबातली राख चिमटीभर उचलली आणि वाया गेलेल्या एका पत्रिकेच्या कागदात तिची पुडी बांधली. त्या कागदावरही 'कुलस्वामिनी प्रसन्न' होतंच. राख ती राख, असं मी स्वतःला बजावलं. मला त्याची लाज वाटली नाही. उलट देवीची चांगली जिरवली असं वाटलं, आणि हे लिहिताना आज माझी मान खाली जाते.

पहाटे गाडीत चढलो आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. गाडी हलली. गिनती झाली. नऊ, दहा. आणि दहानंतर माझ्या अगदी शेजारून बाईमाणसाचा आवाज आला, "अकरा."

हवालदारांनी विचारलं, "कोन हाय?" कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "असंल कुनी पावनं." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. शेजारची जागा रिकामी आहे असं धरून मी तिथं माझा जेवणाचा डबा ठेवायला निघालो होतो. तो मांडीवर घेतला. तिकडून जुन्या तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. मला तो वास ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवेना.

निंबळक मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "दवाखान्यात चाललास न्हवं, बाळा?"

मी हं केलं. एवढ्या पहाटे या गाडीनं दवाखान्यात जाणारेही पुष्कळ असायचे, त्यात नवल नव्हतं.

"खिशात अंगारा हाय. लाव की माझ्या कपाळाला."

हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. ही राख आहे, बाई, असं म्हणायला हवं होतं, ते जिभेवर येईना. मी पुडी उघडली, अंगठ्यावर चिमूट घेतली आणि अंधारात हात पुढे केला. कपाळ लागलं. गार होतं, पण थंडीच तशी होती. दोन भुवयांच्या मधे लावावं म्हणून मी अंगठा खाली आणला. भुवई लागली नाही. आणखी खाली आणला. गुळगुळीत, तेलकट, सरळ खालपर्यंत. नाकही लागलं नाही. मी हात मागे घेतला आणि धोतराला पुसायचंही मला सुचलं नाही.

"बास," ती म्हणाली. एखादीला घोटभर पाणी दिल्यावर ती म्हणेल तसं.

मला तिथून उठायचं होतं, दुसरं काही नको होतं. तेवढ्यात गाडी मंद झाली आणि थांबली. नगरच्या बाहेर आउटर सिग्नलला ती रोज थांबायची. आम्ही तीन-चार जण तिथंच उड्या मारून पायवाटेनं गावात शिरायचो. दवाखाना तिकडून जवळ. मी दार उघडलं, दांडी धरली आणि एक पाय बाहेर काढला.

"बस खाली," मागून आवाज आला. "तुझी जागा अजून आली न्हाई."

रागावलेला नव्हता तो आवाज. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं पोराला सांगावं तसा होता. माझा पाय हवेत तसाच राहिला आणि हातातला डबा निसटला. तो खडीवर आपटायला हवा होता. आपटला नाही. मी श्वास घेतला, सोडला, आणि मग फार खालून, खडकावर पत्रा वाजल्याचा आवाज आला.

"काय पडलं रं?" हवालदार ओरडले.

"माझा डबा."

"आरं, ह्यो आउटर न्हाई. पूल हाय, ओढ्याचा. दार लाव आधी."

मी दार लावून खालीच बसलो. गाडी तिथं का थांबली ते कळलं नाही. हवालदारांनी पुन्हा गिनती घेतली. माझा आकडा मला दोनदा म्हणावा लागला. दहा झाले. नंतर कुणीच काही बोललं नाही, पण सगळे थांबले होते, हे मला अंधारातही कळत होतं. इंजिनाची वाफ तेवढी ऐकू येत होती. अकरा कुणी म्हटलं नाही.

नगरला उतरलो तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. आमच्या धंद्यात अंगठ्याची शाई जन्मभर जात नाही, माझा अंगठा कायम काळा. त्या काळ्यावर शेंदराचा लाल पट्टा होता. हवालदारांनी पाहिला आणि म्हणाले, डब्यांच्या दारांना गंज लागू नये म्हणून शेंदरी रंग देतात, तो लागला असेल. असेलही. आमची देवी म्हणजे तांदळा आहे. नाक नाही, डोळे नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर माखलेला नुसता गोल दगड. त्या दगडाचा वास मला स्टेशनाच्या पायऱ्या उतरताना आठवला.

सही केली. बायकोनं हात पुढे केला. खरं सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही, मी पुडी दिली. तिनं नाकाशी नेली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली. मग तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर बसून चार वर्षांनी मी देवीशी बोललो. काय बोललो असेन? काही मागायचं सुचलंच नाही. तुझं तू बघ, माझ्यानं होत नाही, एवढंच म्हणत होतो आणि रडत होतो. शेजारी बसलेल्या मेव्हणीनं तोंड फिरवलं, मला संकोच वाटू नये म्हणून.

ती वाचली. फार रक्त गेलं होतं, डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मधे एकदा त्यांनीही आशा सोडली होती. मूल आता होणार नव्हतं. ते दुःख आमच्याकडे राहिलं ते राहिलंच.

आठव्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती. मी राखेचं कबूल केलं. गाडीतलं काहीच सांगितलं नाही, ते सांगण्याची हिंमत मला पुढे दोन वर्षं झाली नाही. फक्त राखेचं सांगितलं आणि आता ही काय बोलते म्हणून खाली बघत बसलो.

"मला कळलं हुतं," ती म्हणाली. "अंगाऱ्याला उदाचा वास असतो. तुमच्या पुडीला बंबाचा हुता."

"मग लावलीस कशाला?"

"तुमी आनली म्हनून. चार वर्षांत देवीच्या नावानं पयल्यांदा कायतरी हातात धरलंत. राख तर राख." जरा थांबून ती हसली. "देवीच्या कपाळाला लावली असती ना, तरी ती न्हाई म्हनली नसती. बास म्हनली असती."

माझ्या अंगावर काटा आला. ती मात्र पांघरूण सारखं करत होती.

लढाई संपली, डब्यात दिवे आले, गिनती बंद झाली. मी टेकाड चढू लागलो. मागायला जात नाही. मागण्यासारखं होतं ते न मागता दिलं गेलं, आणि मागितलेलं राहिलं, त्याचा हिशेब मला लागत नाही आणि आता तो लावावासाही वाटत नाही. घरात आम्ही दोघंच. पहाटे वीज गेली की मी अंधारात अजून म्हणतो, "चला, गिनती." ती म्हणते, "एक." मी म्हणतो, "दोन." मग आम्ही दोघंही थोडा वेळ तिसऱ्या आकड्यासाठी कान देऊन बसतो.