शेवटचा व्हॉल्व्ह

दुष्काळात विहिरीच्या तळाला उरलेलं पाणी कुणाच्या शेतात जायचं, हे आमच्या उपसा सिंचन सोसायटीत चेअरमनच्या मानेवर ठरायचं. मान हलली की पाणी. चेअरमनचा ऊस पंपाला लागून. मान कुणाकडं बघून हलायची ते सांगायला नको.

मी आणि माझा मित्र बीडला इंजिनिअरिंगला होतो. माझं गाव पंपाजवळ, त्याचं पाइपलाइनच्या शेवटाला. आम्ही ठरवलं, पाळी यंत्र लावेल. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या एका लहान सर्किट बोर्डासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. कुठला व्हॉल्व्ह कधी, हे माझं. तो उघडायचा-मिटायचा कसा, हे त्याचं. चेअरमननं हसत एक पाळी दिली. त्या पाळीत शेवटाला पाणी पोचलं तर मित्राच्या घरची ज्वारी तगणार होती. नाहीतर घर ऊसतोडीला जाणार, आणि बापाची पाठ गेलेली म्हणून तोही. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. फंक्शनची, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याची, नावंही तशीच ठेवली, रोमन अक्षरांत मराठी: हक्काचं_पाणी_सोडा, मक्तेदारी_मोडा.

"फंक्शन हाय का मोर्चा, बे?" तो म्हणायचा. "नाव टाइप करूस्तोर पीक वाळंल."

भांडलो, लई भांडलो, पण नावांवरून. बोलायचं ते राहिलंच. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा प्रोसेसरमधल्या रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा दोघांत सामायिक असतात. वापरून झाल्यावर त्या पूर्ववत कुणी करायच्या? बोलावणाऱ्यानं की आलेल्यानं? हे आधी ठरवावं लागतं.

माझ्या गावात पाणी घेऊन झालं की ज्यानं त्यानं पाटाचं तोंड बांधून घरी जायचं. पुढचा निवांत येतो. त्याच्या गावात पुढचा आधीपासून बांधावर ताटकळत उभाच असतो. तोच बांधून घेतो. दोघांनीही आपापल्या गावचं गृहीत धरलं. मी व्हॉल्व्हचा नंबर एका रजिस्टरात ठेवला. त्याच्या फंक्शननं तिथंच वेळ मोजली आणि जागा तशीच सोडली.

पाळीच्या दिवशी आम्ही शेवटच्या व्हॉल्व्हपाशी उभे. पहिला, चेअरमनच्या उसाकडचा व्हॉल्व्ह उघडला, आणि बोर्ड भलत्याच नंबरचा व्हॉल्व्ह शोधत अडकला; पहिला मिटलाच नाही. आम्ही पळत पंपावर पोचेपर्यंत विहीर आटली होती. सगळं पाणी चेअरमनच्या उसात.

"घ्या," चेअरमन म्हणाले, "यंत्राला बी कळतंय मालक कोण हाय."

दुसरी पाळी मागितली. पुढच्या पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. दुरुस्ती दोन ओळींची होती.

मित्र ट्रकमध्ये चढत होता तेव्हा मी विचारलं, नियम कुणाचा बरोबर?

"कंचाबी चालला असता बे. एक ठरवायचा व्हता. तू मक्तेदारी मोडत बसला, मी तुला हसत बसलो."

बोर्ड माझ्याकडे आहे. मोठी नावं काढून टाकली. जागा कुणी पूर्ववत करायच्या ते प्रत्येक फंक्शनच्या वर साध्या मराठीत लिहिलं. नियम त्याच्या गावचा ठेवला. आता सगळे व्हॉल्व्ह क्रमानं उघडतात. टेबलावर. हे सांगायला त्याला फोन केला.

"नंतर लाव," तो म्हणाला, "गाडी भरायची हाय."