ढालवाल्याचे दहा प्राण

रविवारी दुपारी दोनला आमच्या मेहकरच्या घरी आम्ही चौघं फासे घेऊन बसतो: मी, बायको, शेजारचे गुरुजी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. गुरुजी राक्षस-किल्ल्यांची गोष्ट चालवतात, आम्ही तिघं त्यातली पात्रं होतो. माझा ढालवाला, मित्राचा तिरंदाज, बायकोची वैद्यीण. प्रत्येकाला वीस प्राण. वैद्यिणीनं मंत्र म्हटला की जखम तिथल्या तिथं बुजते.

मी टिपून ठेवलं होतं. दहा बैठकांत आम्हाला एकेचाळीस जखमा झाल्या आणि एकही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाही. गेल्या साली माझा पाय मोडला तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होतं. हे फुकटचं बरं होणं मला पटेना. मी नियम मांडला: दर मंत्राला वैद्यिणीचे पाच प्राण कायमचे जातील.

मित्र म्हणाला, "खेळ हाये का दवाखाना बे?" त्याचं मी ऐकलं नाही. बायकोनं मात्र फासे खाली ठेवले.

"पाय तुमचा मोडला होता, कंबर माही गेली. इथंबी तेच लिवून राह्यले का?"

सहा आठवडे मला तिनं उचललं होतं. माझ्या टिपणात तो आकडाच नव्हता. तरी नियम मी मागं घेतला नाही, फिरवला. जो बरा होईल त्याचे पाच प्राण जातील. मंत्र नको असेल त्यानं खेळातले सात दिवस पडून राहावं. मित्रानं पुढच्या रविवारी न येण्याची धमकी दिली. आला.

महिन्याभरात माझ्या ढालवाल्यानं दोनदा मंत्र घेतला. विसाचे दहा राहिले. मग तो पुलावर जखमी होऊन पडला, आणि दोन वर्षं ज्या किल्ल्यासाठी आम्ही चाललो होतो तो समोर होता. मंत्र घेऊन उरलेल्या पाच प्राणांवर त्या दारात उभं राहणं म्हणजे पहिल्या फटक्यात मरण. पडून राहिलो तर किल्ला हुकणार. गुरुजी म्हणाले, एवढ्या वेळी नियम सोडू. मित्रही तेच म्हणाला. मी नाही म्हणालो.

"मंग पडून राहा," बायको म्हणाली. "या बारीनं मी नाही उचलत."

किल्ला त्यांनी माझ्याशिवाय घेतला. दोन रविवार मी फासे न टाकता बसलो, चहा केला. खेळातल्या सातव्या दिवशी ढालवाला उठला, पुरते दहा प्राण घेऊन. नियम अजून तोच आहे. ज्याला महाग वाटतो त्यानं वैद्यिणीच्या भरवशावर पुढं पळू नये.