साडेतीनची असर

मैमूना परकारला आमच्या ऑफिसात कुणी भांडखोर म्हटलं असतं तर मी मुकाट मान डोलावली असती. हट्टी म्हटलं असतं, तोंडाळ म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण खोटारडी? आणि तीही नमाजावरून? हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती लपवायचा माझा काही विचार नाही.

मैमूना दापोलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावची. नवरा दिलावर फरीदाबादच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून लग्नानंतर ती इकडे दिल्लीत आली. मग परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागली आणि काही वर्षांनी बदली होऊन आमच्या सेक्शनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. मी विजया, साताऱ्याची. वीस वर्षं आम्ही दोघी शेजारी बसतोय. बाहेर सगळ्यांशी हिंदी, आपापसांत मराठी. दिल्लीच्या नारळाला ती नारळ म्हणत नाही आणि इथल्या माशाला मासा म्हणत नाही. मेट्रोच्या लेडीज डब्यात शेजारच्या सीटवर पर्स ठेवून कुणी बसलेली असली, की मैमूना ती पर्स उचलून त्या बाईच्या मांडीवर ठेवते आणि बसते. वर 'थँक यू'ही म्हणते. फाईल मात्र तिच्या टेबलावर कधी लोळत पडलेली मी पाहिली नाही.

दिल्लीत आली तेव्हा त्यांचं भाड्याचं घर मशिदीला लागून होतं. गावी असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची बांग व्हायची तेव्हा अंगणात चांगली उन्हं असायची. इथे ही वजू करून, हातपाय धुऊन बसायची आणि बांग काही होईना. आठवडाभर वाट पाहून तिने दिलावरला सांगितलं, की इथला बांगी झोपाळू आहे, जाऊन कमिटीकडे तक्रार करा. दिलावर पोट धरून हसला. तक्रार करायची तर शहरातल्या जवळजवळ प्रत्येक मशिदीची करावी लागेल, म्हणाला.

त्याने तिला जे समजावलं ते तिने मला हिवाळ्यात ऑफिसच्या लॉनवर समजावलं होतं, सेक्शनमधली फूटपट्टी फुलांच्या वाफ्यात उभी खोचून. भर दुपारी सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हाही पट्टीची थोडी सावली पडतेच. तेवढी सोडून द्यायची. त्यापुढे सावली पट्टीच्या उंचीएवढी वाढली, की शाफई लोकांची असर सुरू होते. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. दिल्लीतले बहुतेक हनफी, ते सावली उंचीच्या दुप्पट वाढेपर्यंत थांबतात. दोन्ही रीती शेकडो वर्षांच्या, आणि कुणी कुणाला खोटं म्हणत नाही. बाकीच्या नमाजांत असा मोठा फरक नाही. पहाट फुटली, दुपार कलली, सूर्य बुडाला, संधिप्रकाश विझला, हे सगळ्यांना सारखंच दिसतं. फरक काय तो या एका सावलीचा. जानेवारीच्या मध्यावर दिल्लीत तो पाऊण तासाच्या आसपास पडतो. मैमूनाची असर साडेतीनच्या सुमारास, आसपासच्या मशिदींची सव्वाचारच्या पुढे.

म्हणून ती साडेतीनला उठायची, रेकॉर्ड रूममध्ये कपाटांच्या मागे चटई टाकायची आणि दहा मिनिटांत परत यायची. कुणाला सांगून नाही, कुणाला विचारून नाही. त्यात विचारायचं काय होतं? हिवाळ्यात आमचं अख्खं ऑफिस जेवून लॉनवर ऊन खात पसरलेलं असतं. भुईमुगाच्या शेंगा सोलतात, संत्री सोलतात, बायका स्वेटर विणतात, आणि लंच संपून तास उलटला तरी कुणाचा पाय आत वळत नाही. सिगरेटवाल्यांचं तर बोलायलाच नको. त्यातल्या एकालाही आजवर कुणी वेळ विचारली नाही. विचारली ती मैमूनाला.

विचारणारा आपलाच माणूस निघाला, म्हणून जास्त झोंबलं. यशोधनराव, पुण्याचे, वय पस्तिशीच्या आत, कठीण परीक्षा पहिल्या झटक्यात पास होऊन आमच्या डोक्यावर आलेले साहेब. आल्या दिवशी आम्हा दोघींना म्हणाले, वा, आपली माणसं. मैमूनाने मला डोळा मारला होता. बरा वाटतोय, म्हणाली होती.

जानेवारीतल्या एका मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, की या सेक्शनमध्ये कुणालाही कपाटामागे लपून प्रार्थना करावी लागू नये. त्यांनी ऑफिस ऑर्डर काढली होती. श्रीमती परकार यांना रोज सव्वाचार ते साडेचार नमाजासाठी सवलत. वेळ फोनवरच्या ॲपमध्ये पाहिली होती, शिवाय मीरतचा आपला ड्रायव्हर इर्शाद, त्याला विचारून खात्रीही केली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील. मग मैमूना उभी राहिली आणि म्हणाली, सर, थँक यू, पण माझी वेळ सध्या साडेतीनची आहे.

यशोधनरावांचा चेहरा उतरला. माणूस मोठ्या हौसेने भेट आणतो आणि समोरचा म्हणतो, ही माझ्या मापाची नाही, तसं झालं त्यांचं. त्यांनी फोन काढून तिला दाखवला. तिने सांगितलं, ॲपमध्ये आमचीही वेळ असते, पर्याय बदलावा लागतो. आम्ही कोकणातले, आमची असर लवकर होते. त्यावर ते हसले, आणि आमच्याशी एरवी मराठीत बोलणारे हे गृहस्थ नेमके हिंदीत बोलले, म्हणजे सगळ्यांना हसता यावं.

"क्यूँ मॅडम, कोंकण का सूरज अलग होता है क्या?"

आणि लोक हसले. शेंगा खाऊन खाऊन ज्यांच्या खुर्च्या थंड पडल्या होत्या, ते सगळे हसले. याला म्हणतात अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं.

मीटिंग संपल्यावर मैमूना त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि तिने सगळं नीट सांगितलं. मी दारातून ऐकत होते. शाफई, हनफी, एकपट सावली, दुप्पट सावली, अगदी शांतपणे, मला लॉनवर सांगितलं होतं तसंच. माझ्या ओळखीची मैमूना एवढी शांत कधी बसत नाही. ती स्वतःला आवरत होती. यशोधनरावांनी मध्येच हात वर केला. म्हणाले, मॅडम, मला धर्माच्या चर्चेत पडायचं नाही. ड्रायव्हर मुसलमान आहे, तो एक सांगतो, तुम्ही दुसरंच सांगता. तुम्ही मशिदीतून लिहून आणा, मी ऑर्डर बदलतो. तोपर्यंत साडेतीनला टेबल सोडायचं नाही. आणि जाता जाता, अगदी सहज, त्यांनी आठवण करून दिली, की तिच्या वार्षिक अहवालात सचोटीचा रकाना त्यांनाच भरायचा असतो.

सरकारी नोकरी न केलेल्याला या रकान्याचं महत्त्व कळणार नाही. सगळ्यांच्या अहवालात तिथे एकच शब्द असतो, 'निःसंशय'. तो नसला की तुम्ही आयुष्यभर कितीही फाईली उपसल्या असल्या तरी तुमच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं जातं. मैमूनाच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तिचा हा रकाना इतकी वर्षं स्वच्छ होता.

त्या दिवसापासून सेक्शनमध्ये कुजबुज सुरू झाली. साडेतीन वाजले की माना तिच्या टेबलाकडे वळायच्या. शंकर, आमचा सीनियर क्लार्क, स्वतः दिवसातून पाच वेळा चहाला जाणारा, तो मला म्हणाला, मॅडम, ॲडजस्ट करून टाकायला सांगा ना त्यांना, सव्वाचार तर सव्वाचार, देवाला काय फरक पडतो. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तोच प्रश्न मीही मैमूनाला विचारला. कॅन्टीनमध्ये विचारला, जरा चाचरतच.

"सव्वाचारला पढले तरी माझी नमाज होते," ती म्हणाली. "सूर्य बुडायच्या आधी कधीही होते. प्रश्न तो नाहीच. उद्यापासून मी सव्वाचारला उठले, तर वीस वर्षं साडेतीनला उठून मी काय करत होते? कपाटामागे झोपत होते?"

मग मात्र तिचा आवाज चढला. एवढी वर्षं तिने कधी खोटी रजा टाकली नव्हती, मुलीच्या लग्नातसुद्धा तब्येतीचं कारण दिलं नव्हतं. आणि आता सारं ऑफिस समजणार, की ही बाई देवाचं नाव सांगून दहा मिनिटं चोरते. मी म्हटलं, मग आण ना मशिदीतून चिठ्ठी, चल, मी येते बरोबर. त्यावर ती माझ्यावरच उखडली. मी नमाज पढते याचा दाखला मी बाहेरून आणायचा? उद्या म्हणतील, तुम्ही बाई आहात याचा दाखला आणा. तू आणलास का गं कधी, तू चतुर्थीचा उपास करतेस त्याचा? साबुदाणा खाताना तुला कुणी विचारलं, की पंचांग कुठलं?

बिचारा इर्शाद तर पार खजील झाला होता. त्याला काय ठाऊक, साहेबांनी वेळ कशासाठी विचारली ते. तो आपल्या इमामसाहेबांकडे जाऊन आला आणि मैमूनासमोर हात जोडून उभा राहिला. इमाम म्हणाले होते, की शाफई लोकांची असर बिल्कुल दुरुस्त आहे, हवं तर मी लिहून देतो. मैमूनाने त्याला बसवून चहा पाजला, त्याची काही चूक नाही म्हणून दोनदा सांगितलं, आणि चिठ्ठीला नाही म्हटलं. साडेतीनला ती टेबलावरच बसून राहायची. समोर फाईल उघडी आणि पान उलटत नाही. सव्वाचारलाही उठायची नाही. सूर्य बुडायच्या आधी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन घाईघाईने उरकायची. नमाज घाईत उरकणारी मैमूना मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला यशोधनरावांचा गळा धरावासा वाटला.

शेवटी मी गेलेच. दार न वाजवता गेले. फूटपट्टी घेऊन गेले आणि ती त्यांच्या टेबलावर आपटली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला होता म्हणतात. लॉनवरच्या शेंगा काढल्या, सिगरेटी काढल्या, शंकरचे चहा काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, म्हटलं. मग त्यांच्या खिडकीतून आलेल्या उन्हात ती पट्टी उभी धरली आणि सांगितलं, ही एवढी सावली म्हणजे कोकण, ही एवढी म्हणजे दिल्ली, आणि सूर्य एकच.

यशोधनराव हुशार माणूस. दोन मिनिटांत सगळं समजलं त्यांना. डोळे चमकले. म्हणाले, अरे, हे फार इंटरेस्टिंग आहे, आम्ही एवढा अभ्यास केला पण हे कधी वाचनात आलं नाही. त्यांनी ॲप उघडलं, पर्याय बदलला, तिथे साडेतीन उमटले, तेव्हा तर ते लहान मुलासारखे खूश झाले. लगेच मैमूनाला बोलावून घेतलं. मी तिथेच उभी होते, जिंकल्यासारखी. हो, जिंकल्यासारखीच.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले. "विजया मॅडमनी आता सगळं क्लिअर केलं. माझी खात्री पटली. ऑर्डर बदलतो, आणि रकान्याची काळजी करू नका."

मैमूनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऑर्डरवरून माझं नाव काढून टाका, म्हणाली. मी सवलत मागितली नव्हती. यशोधनराव गोंधळले. आता तर सगळं तुमच्या मनासारखं झालं, मग प्रॉब्लेम काय, हे त्यांनी खरोखरच न कळून विचारलं. ती वळून केबिनबाहेर पडली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला गाठलं. मलाही राग आला होता. तुझ्यासाठी मी साहेबाच्या अंगावर गेले, माझी नोकरी पणाला लावली, आणि तू असं तोंड करतेस? एक शब्द चांगला बोलशील की नाही? असं मी भडाभडा बोलून टाकलं.

तिने मला बोलू दिलं. मग विचारलं, "तू त्याला जे सांगितलंस, त्यातलं मी सांगितलं नव्हतं असं काही होतं?"

मी म्हटलं, नाही. तुझंच तर सांगितलं. तूच शिकवलेलं.

"त्याने तुझ्याकडे मशिदीची चिठ्ठी मागितली?"

मागितली नाही, मी म्हटलं.

"मी नमाज पढणारी," मैमूना म्हणाली, "आणि माझ्या नमाजाची वेळ तू सांगितल्यावर खरी झाली. आता रकान्यात तो लिहील 'निःसंशय'. ते तुझ्याबद्दल असेल, विजया. माझ्याबद्दल नाही."