मालूताईंचा बाडा

मालूताई पिंपळकर सुई टोचण्याआधी कुत्र्याची परवानगी मागत. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. त्याच्या कानामागे दोन बोटं ठेवून म्हणत, "टोचून राहिली बरं राजा, रागावू नको." मग जरा थांबत. कुत्र्याने अंग सैल सोडलं की मगच त्यांचा हात चाले. तीस-बत्तीस वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून माणसांना सुया टोचताना त्यांनी कधी कोणाला असं विचारलं होतं का, असं मी एकदा विचारलं. "माणसाला सांगता येते की दुखते म्हणून," त्या म्हणाल्या.

माझी त्यांची ओळख एका अपघाताने झाली. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगरात, माझ्या स्कूटीसमोर एक पिल्लू आलं आणि त्याचा मागचा पाय मोडला. मी रस्त्याच्या कडेला त्याला ओढणीत गुंडाळून रडत बसले होते. एक भाजीवाला म्हणाला, दीदी के बाड़े में ले जाइए. वस्तीच्या पलीकडे, शेतं सुरू होतात तिथे विटांची जुनी शेड, भोवती तारेचं कुंपण आणि पत्र्याचं फाटक, हाच मालूताईंचा बाडा. मालूताईंनी आधी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिल्लू कळवळलं तसं माझ्या तोंडून "आई गं" निघालं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मराठी आहेस काय? मग रडून काहून राहिली? पाणी पी आधी. पाय जुळते." पाय जुळला. पिल्लू तिथेच राहिलं आणि मी दर रविवारी जाऊ लागले.

बाड्याची कथा त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. नोकरीत असताना त्या घमापुरात दोन खोल्यांत राहत. लग्न केलं नव्हतं. बाजारामागे एका कुत्रीच्या पाठीत जखम चिघळून किडे पडले होते, लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. मालूताईंनी दवाखान्यात शिकलेली मलमपट्टी तिथे बसून केली, रोज, महिनाभर. मग गल्लीतले लोक घरी जनावरं आणू लागले. पायरीवर कुत्री, माडीवर कावळा, एकदा तर एक गाढव. घरमालकाने हात जोडले. तेव्हा एका ओळखीच्या ठेकेदाराने आपली पडीक जागा वापरायला दिली. पुढे रीतसर संस्था करायची ठरली तेव्हा सात नावं लागत होती. त्यांचे मेहुणे, नदीकाठी ग्वारीघाटावर फुलं विकणारी एक बाई, एक नावाडी, असे करत करत सहा झाले. सातवी सही माझी. मी तोवर दोनदाच तिथे गेले होते.

संस्थेचा नियम एकच होता आणि तो कागदावर कुठेच नव्हता. आलेल्या जनावराला परत पाठवायचं नाही. डॉक्टर नेमा म्हणून एक तरुण पशुवैद्य बाई आमच्याकडे मोफत येत. त्या म्हणायच्या, दीदी, जागा पाहून घेत जा, आजाऱ्यांना वेगळी खोली पाहिजे. मालूताई मान डोलवत आणि पुढचं कुत्रं आत घेत. मला म्हणत, "इथं कोणी हौसेनं येत नाही, अनू. आपण नाही म्हटलं तं ते जाईल कुठं?" खरं सांगायचं तर मला ते वाक्य फार आवडायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते अभिमानाने सांगत असे.

तीन हिवाळ्यांपूर्वी एक माणूस खोक्यात घालून पिल्लू घेऊन आला. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय. मालूताईंना वाटलं, थंडी बाधली. त्यांनी त्याला शेकोटीजवळ ठेवलं, डोळे पुसले, कोपरापर्यंत हात धुतले, जसे त्या नेहमी धूत. चौथ्या दिवशी पिल्लाचा जबडा आपोआप हलू लागला, काहीतरी चावत असल्यासारखा. डॉक्टर नेमांनी बघितलं आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. डिस्टेंपर, कुत्र्यांमधला साथीचा रोग. याला औषध नाही, म्हणाल्या. लस दिलेली वाचतील. बाकीच्यांना सलाइन लावायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची.

नंतर मला कळलं की त्या वर्षी लस कमी पडली होती. मालूताईंनी ती नव्यांना दिली होती आणि जुन्यांचं मागे कधीतरी झालंय, चालून जाईल, असं मनाशी ठरवलं होतं. निर्णय त्यांचा एकटीचा होता.

पुढचे तीन आठवडे मी रजा काढून तिथेच होते. आम्ही पोती टाकून शेडमध्ये बसायचो. एकाची फिट थांबली की दुसऱ्याची सुरू व्हायची. मालूताई फिट आलेल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर धरून बसत, बस. नर्सच्या हातांना तेवढंच काम उरलं होतं. गुलाब नावाचा म्हातारा कुत्रा नऊ वर्षांपासून बाड्यात होता. नवं जनावर आलं की जाऊन त्याच्याजवळ बसायचा. त्याला दिवसभरात अकरा फिट आल्या तेव्हा डॉक्टर नेमा हळूच म्हणाल्या, दीदी, अब इसको जाने दीजिए. कायमची झोपवणारी सुई मालूताईंनी आजवर कधीच कोणाला देऊ दिली नव्हती. बराच वेळ त्या गुलाबच्या छातीवर हात ठेवून राहिल्या. मग न उठता मानेनेच हो म्हणाल्या. त्या वेळी त्यांनी त्याची परवानगी मागितली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

सतरा गेली. कुंपणाच्या मागे ठेकेदाराच्या माणसांनी खड्डे खणून दिले. डॉक्टर नेमांनी बजावलं की उन्हाळ्यापर्यंत एकही नवीन जनावर आत घ्यायचं नाही, नाहीतर उरलेली आणि येणारी, दोन्ही मरतील. मालूताईंनी माझ्याकडून कुलूप मागवलं आणि फाटकाला स्वतः लावलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारी घमापूरचा एक ई-रिक्षावाला आला. मागच्या सीटवर गोणपाटात कुत्री होती, कंबर मोडलेली, श्वास भराभर चाललेला. मालूताई फाटकाच्या आत उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, आजार काय, लागण कशी होते, किती गेली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पर दीदी, आपके यहाँ तो किसी को मना नहीं होता."

"अब होता है, भैया," मालूताई म्हणाल्या.

डॉक्टर नेमांना फोन लावला, त्या परगावी, सागरला गेलेल्या होत्या. मालूताईंनी हात धुतले, साडी बदलली, बाहेर येऊन रस्त्यावरच कुत्रीला तपासलं. दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं, फळीला बांधलं. घरी ठेवशील का, म्हणून त्याला विचारलं. त्याची एकच खोली होती आणि चार मुलं. ठीक है, देखते हैं, असं म्हणून त्याने रिक्षा वळवली. मालूताई धूळ बसेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी औषधं घेऊन घमापूरला गेलो. तिथल्या बाजारामागे राहतो, पत्त्याचं एवढंच तो बोलला होता. तीन तास गल्ल्या फिरलो. ई-रिक्षावाले तिथे घरटी एक. कोणाला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, झालं. पण मालूताई त्यानंतरही जात राहिल्या, कधी माझ्याबरोबर, बहुतेक वेळा एकट्याच. त्यांच्या जुन्या घराच्या पायरीवर बसून येणाऱ्या रिक्षा बघत. तो सापडला नाही. कुत्रीचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

उन्हाळ्यात कुलूप निघालं. आता आजाऱ्यांसाठी वेगळी खोली होती, लशींची यादी भिंतीवर होती. डॉक्टर नेमा म्हणत, आता कुठे ही नीट संस्था झाली. ते खरंच होतं. फक्त मालूताई कमी बोलू लागल्या होत्या. जनावर आलं की आधी आणणाऱ्याला नाव, पत्ता, फोन विचारत, दोनदा लिहून घेत.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्या बाड्यातल्या एकेकाची चौकशी करत. मी सांगत असे, कोण जेवलं, कोणाची पट्टी सुटली. एका संध्याकाळी मध्येच म्हणाल्या, "अनू, त्या दिवशी मी आत घेतलं असतं तं?"

मी म्हणाले, "मालूताई, बाकीची मेली असती."

"हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि नाही घेतलं तं ती."

मी त्यांचा हात धरला.

दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या. ग्वारीघाटावर आम्ही मोजकी माणसं होतो. भाच्याने अग्नी दिला. डॉक्टर नेमा पायऱ्यांवर बसून रडत होत्या, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजता एका कुत्र्याचं सलाइन बदलायचं होतं. आम्ही उठलो आणि ओल्या पायांनी बाड्याकडे निघालो.