पोपटमावशी आणि नारळाची सोडणं

आमची मावशी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघते. बाहुल्या लहानमोठ्या व्हायला लागल्या की समोरचा चावणार, असं तिचं ठाम मत आहे. हे ती एका पोपटाकडून शिकली आणि पहिला प्रयोग माझ्यावर केला.

पोपट माझ्या धाकट्या भावाचा, सुहासचा. करडा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट त्याने मुंबईहून रीतसर कागद करून आणला, रत्नागिरीच्या घरात ठेवला आणि स्वतः बोटीवर निघून गेला. दोन महिन्यांत पोपटाने आपल्याच छातीची पिसं उपटली. सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला, आणि वर दिवसभर किंचाळायचा. आम्ही आपापल्या खोलीतून "गप रे" म्हणून ओरडायचो. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा, कारण मी शाळामास्तर. मी त्याची दृष्टही काढली आणि उरलेल्या मिरच्या त्यालाच खायला घातल्या.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर तो जगणं कठीण. सुहासने फोनवर सांगितलं, लांज्याच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाका. मावशी म्हणाली, सुहास येईपर्यंत तो इथेच राहू दे, त्याचं मी बघते. तिला चकलीच्या भाजणीपलीकडचं काही कळतं, असं तोवर आमच्यापैकी कुणाला वाटलेलं नव्हतं.

ती विळी घेऊन पिंजऱ्याशेजारी बसायला लागली. भाजी चिरता चिरता नुसती बघायची. दुपारी मोबाइलवर परदेशी बायकांचे पोपटांचे व्हिडिओ. शब्द अडला की मला विचारायची. माझं इंग्रजी दोन दिवसांत संपलं, मग तिने डिक्शनरी मागवली.

आठवड्याने तिने निकाल दिला. "तो किंचाळतो, कारण तू उत्तर देतोस. त्याला वाटतं, मास्तर गप्पा मारतायत." किंचाळला तर कुणी हूं की चूं करायचं नाही, हळू शीळ घातली तर लगेच जवळ जायचं, असा नियम झाला. पहिले दोन दिवस मला घरामागच्या वाडीत हाकललेलं होतं.

पिसांबद्दल ती म्हणाली, "रिकामं डोकं, दुसरं काय. आपल्याकडे रिकामी माणसं भांडणं उकरून काढतात, हा पिसं उपटतो."

तिने पिंजऱ्यात नारळाची सोडणं टांगली आणि त्यांच्या काथ्यात शेंगदाणे लपवले. सूर्यफुलाच्या बिया बंद झाल्या. शेवग्याच्या शेंगा, भोपळा, मोडाचे मूग सुरू झाले. पोपट दिवसभर सोडणं फाडायचा. चौथ्या महिन्यात त्याच्या छातीवर करडी लव दिसली. मावशीने सगळ्यांना बोलावून दाखवली, शेजाऱ्यांनाही.

सुहास परतला तेव्हा पोपट पिसांनी भरला होता. तो खूश होऊन म्हणाला, आता मुंबईच्या फ्लॅटवर नेतो. मावशीची विळी थांबली.

"ने की," ती म्हणाली. "पण धरून नाही. तो आपणहून तुझ्याकडे यायला हवा."

सुहास चार दिवस पिंजऱ्याशेजारी बसला. त्यातले तीन मोबाइल बघण्यात गेले आणि चौथा बोटाला पट्टी बांधण्यात. पाचव्या दिवशी त्याने दार उघडलं आणि हात पुढे केला. पोपट हातावर आला. मावशीने मान खाली घातली. पोपट हातावरून सुहासच्या खांद्यावर चढला, तिथून उडून मावशीच्या खांद्यावर बसला आणि तिचे पांढरे केस एकेक करून विंचरायला लागला.

"तुझाच आहे तो, मावशी," सुहास म्हणाला आणि एकटाच मुंबईला गेला.

आता डॉक्टरच तिला फोन करतात. परवा चिपळूणच्या एका घरचा पोपट पिसं उपटतो म्हणून त्यांनी तिला जायला सांगितलं. मावशीने फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता.

"जाते," ती म्हणाली, "पण घरातल्या सगळ्यांना हजर राहायला सांगा. पोपटाशी मी नंतर बोलेन."