डाव्या खांद्यामागचा ट्रम्पेट

हेमराजभाऊंना एका जागी बसलेलं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. चहा ते उभ्यानेच पितात. दाढीला बसले तर अर्धी झाल्यावर गळ्यातल्या टॉवेलासकट उठून रस्त्यावर डोकावून येतात. स्टेशनवर रिक्षा नंबरला लावली की बाकीचे रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे होतात, आणि हे रिक्षाभोवती फेऱ्या मारतात.

रिक्षा त्यांचं एरवीचं काम. लग्नसराई लागली की ते नंदुरबारच्या एका जुन्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून वाजवतात आणि सगळं आयुष्य चालत चालत वाजवलं आहे. नवरदेव मारुतीला निघाला, घोडा पुढे सरकला, की बॅन्डने पाऊल टाकायचं. घोड्याच्या पुढे बॅन्ड, बॅन्डच्या पुढे हेमराजभाऊ, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे त्यांचा धाकटा भाऊ धीरज, ट्रम्पेट घेऊन. ही जागा कधी बदलली नाही. पंचक्रोशीत या दोघांना ओळखत नाही असं गाव नव्हतं.

हेमराजभाऊंची एक खोड होती. रंगात आले की ते पळायचे. पायाने नाही, वाजवण्यात. चाल हळूहळू घाईला यायची, नाचणाऱ्या पोरांची तारांबळ उडायची. अशा वेळी धीरज मागून एखादा सूर लांब धरून ठेवायचा, आणि त्या सुराला टेकून हेमराजभाऊ पुन्हा ठिकाणावर यायचे. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वी एक लग्नसराई संपली आणि धीरजने अचानक सांगितलं की सुरतेजवळ उधन्याला साड्यांच्या घडी-पॅकिंगचं काम मिळालंय, बायको-पोरांना घेऊन तिकडेच राहणार. ट्रम्पेटची पेटी त्याने भावाच्या घरात खुंटीला टांगली आणि गेला. गल्लीत लोक म्हणाले, बरं केलं, डीजेपुढे बॅन्ड किती दिवस टिकणार. फोनवर दोघं पावसाचं बोलायचे, पोरांच्या शाळेचं बोलायचे. वाजवण्याचा विषय कुणी काढायचा नाही.

तेव्हापासून भाऊंची चुळबुळ फारच वाढली. गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना ते डावीकडे मान वळवून बघायचे. कोरीट गावची एक बाई एकदा घाबरून म्हणाली, "दादा, पुढे बघा ना!"

याच सुमारास बन्सीलाल सरांनी रविवारची बैठक सुरू केली होती. सर लोणखेड्याच्या एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की जिल्ह्यात वाजवणारे-गाणारे एवढे आहेत आणि आपण एकमेकांना ऐकत नाही. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी, मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, आपल्याच माणसांचं गाणं-बजावणं. कुणी तापीकाठच्या गावातली भजनी मंडळी, कुणी तबल्याच्या क्लासच्या मुली, एकदा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर बुलबुलतरंग घेऊन आले होते. चहाचं मी बघायचो. हिवाळ्यात मिरची वाळायला पडली की खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या, नाहीतर गाणारा आलापाऐवजी खोकायलाच लागायचा.

हेमराजभाऊ प्रत्येक बैठकीला यायचे आणि दाराशी उभे राहायचे. पहिलं गाणं संपलं की जिना उतरून जायचे, थोड्या वेळाने पुन्हा चढून यायचे. एकदा सरांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"हेमराज, पुढच्या महिन्यात तुमचं क्लॅरिनेट ठेवतो. अर्धा तास."

"सर, माले बठता येत नही."

"अर्धा तास तर बसायचंय."

भाऊ हो म्हणाले. का म्हणाले हे त्यांनाही सांगता येईना. महिनाभर घरात त्यांनी बायकोला, रमिलावहिनींना, जगू दिलं नाही. पाटावर बसायचे, चार ओळी वाजवायचे, उठायचे. क्लॅरिनेटच्या तोंडावरची पत्ती काढून उजेडात धरायचे, ओली करायचे, परत लावायचे. वहिनी म्हणाल्या, लग्नात एवढी धांदल नव्हती.

तो रविवार आला. हॉल बऱ्यापैकी भरला होता. भाऊंनी बॅन्डचा लाल कोट घातला नव्हता, साधा पांढरा शर्ट होता, आणि त्यात ते वेगळेच दिसत होते. मांडी घालून बसले. तबल्याला सर स्वतः होते. पहिली चाल बरी झाली. दुसऱ्या चालीत भाऊंचा गुडघा हलायला लागला आणि सूर पळत सुटले. सरांनी ठेका धरून बघितला, मान हलवून खूण केली, शेवटी तेच मागे धावायला लागले. हळदीची चाल, नवरदेव निघायची चाल, नवरीला निरोप द्यायची चाल, एकामागून एक उडाल्या. निरोपाच्या चालीला तर ओळखीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तिकडे माझ्या पातेल्यातल्या चहाला उकळी फुटायची होती, आणि इकडे अर्ध्या तासाचा कार्यक्रम संपला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठले, क्लॅरिनेट काखेत मारलं, सरळ जिना उतरले आणि रिक्षा चालू करून निघून गेले. रमिलावहिनी हॉलमध्येच बसलेल्या. त्या चालत घरी गेल्या आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा आवाज चढला.

"माले तठेच टाकीसन निंघी उनात!"

वहिनी हॉलमध्येच राहिल्या हे भाऊंच्या खरोखर लक्षात नव्हतं. ते अंगणात इकडून तिकडे चालत होते.

पुढचे काही दिवस ते रिक्षाच चालवत राहिले. मग एका सकाळी त्यांनी रिक्षा माझ्या दाराशी लावली, किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "मी उधन्याले जाई येस." पुढचं सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं.

गाडीत जागा होती, तरी ते बसले नाहीत. नवापूरपर्यंत दाराशी, व्याऱ्यापर्यंत डब्यात येरझाऱ्या. बारडोलीला एका म्हाताऱ्याने विचारलं, काही हरवलंय का? उधन्याला उतरून पत्ता विचारत विचारत ते धीरजच्या कारखान्यावर पोहोचले. जिन्यापर्यंत साड्यांचे गठ्ठे, वर पंख्यांचा घरघराट, आणि त्यात धीरज खाली मान घालून घड्या घालत होता. भावाला बघून तो हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला.

जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेर आले. हेमराजभाऊंनी बैठकीची फजिती एका दमात सांगितली. मग म्हणाले, "तू गया अन् मन्हं सगळं धावाले लागनं. घर चाल. एक दिवस मन्हासोबत वाजाड."

त्याने डबा उघडला, पोळीचे बारीक बारीक तुकडे केले, ते वरणात भिजवले. मग तोंडात बोट घालून पुढच्या दातांची कवळी काढली आणि तळहातावर धरली.

"याच्यावर ट्रम्पेट वाजत नही, भाऊ. दाबलं की कवळी सरकी जास."

"हाई कधी?"

"दात आठे उधन्याले येईसन काढात. पण ढिल्ला तठेच, नंदुरबारले, व्हयी गयथात. हिरड्या सुजेल व्हत्यात. ती शेवटनी लग्नसराई मी निस्तं तोंडले लाईसन चालनू. फुक मारीच नही."

हेमराजभाऊंना आधी कळलंच नाही. मग कळलं. ती सगळी लग्नसराई, शहाद्याची वरात, नवापूरची वरात, डाव्या खांद्यामागे धीरज आहे या भरवशावर ते वाजवत होते आणि मागून धीरजचा एकही सूर येत नव्हता; बाकी बॅन्डच्या दणक्यात त्यांना ते जाणवलंच नव्हतं. त्या मोसमात बॅन्डचे मालक सारखे ओरडायचे की हेमराज, तू पळतोस. भाऊंना वाटायचं, मालक म्हातारे झालेत.

"सांगं काबर नही?"

"तू मांगे वळीसन देखे, हासे, अन् पुन्हा वाजाडे. तुन्हा ध्यानमा उनंच नही. मग मी काय सांगू?" धीरजचा आवाज चढला होता. "आख्खी वरात मी वाट देखू. आते समजी, आते समजी. बॅन्डमा बिगर फुकानं चालनं काय ऱ्हास, तुले ठाऊक नही."

हेमराजभाऊ फुटपाथवर बसले. आपण बसलो आहोत हे त्यांना नंतर आठवलं. ट्रक जात होते, कामगार डबे धुऊन परत आत चालले होते. धीरजने कवळी पुन्हा तोंडात बसवली.

"मन्हं चुकनं," भाऊ म्हणाले.

"चुकनं नही. मी बी सांगं नही."

"वाजाडू नको. निस्ता ये. मन्हा डावा हातले उभा ऱ्हाय."

धीरजने डबा बंद केला. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तो वर गेला.

नंदुरबारला परतल्यावर हेमराजभाऊ सरांकडे जाऊन म्हणाले, पुढच्या बैठकीत मला परत ठेवा, पण उभ्याने. सर हसले. पुढच्या बैठकीला तर धडगावकडून जालमसिंगची पार्टी येणार होती, पावरी, म्हणजे आदिवासींचं लांब फुंकवाद्य, आणि ढोल घेऊन. ते लोक गोल फिरत नाचत नाचतच वाजवतात, त्यांच्यासाठी गाद्या काढायच्याच होत्या. "त्यांच्या आधी तुम्ही वाजवा," सर म्हणाले. "पण हेमराज, आपल्याला लग्नाचा मुहूर्त गाठायचा नाहीये, एवढं लक्षात ठेवा."

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने धीरज आला. एकटाच. रमिलावहिनींनी भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली, कुणी काही न सांगता. रविवारी सकाळी भाऊ अंगणात फेऱ्या मारत वाजवत होते, धीरज ओट्यावर चहा घेत होता. थोडा वेळ त्याने ऐकलं. मग कप खाली ठेवला आणि शेजारच्या रिक्षाच्या पत्र्यावर तळहाताने ठोका धरला.

"हळू, भाऊ. नवरदेव मांगेच ऱ्हायी गया."

मी दात घासत होतो, मला हसू आलं. भाऊ मात्र हसले नाहीत. ते थांबले आणि पहिल्यापासून सुरू केलं, पत्र्याच्या ठोक्यावर. दोन-तीनदा झाल्यावर धीरज स्वतःच उठला, बॅन्डच्या मालकांकडे गेला आणि साइड ड्रम मागून घेऊन आला. लहानपणी बॅन्डमध्ये शिरताना सगळ्यांना आधी ड्रमच देतात, तेवढंच त्याचं शिक्षण.

हॉलमध्ये जालमसिंगची माणसं भिंतीला टेकून बसली होती, लांबलचक पावऱ्या गुडघ्यांवर आडव्या. हेमराजभाऊ मध्ये उभे राहिले. धीरज त्यांच्या डाव्या खांद्यामागे. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि पहिल्या ओळीतल्या ओळखीच्या लोकांकडे तो बघत नव्हता. ट्रम्पेट कुठे म्हणून एकाने विचारलंच. धीरजने सरळ सांगितलं, "दात गयात."

हळदीची चाल नीट झाली. भाऊ तिथल्या तिथे पावलं टाकत होते, तेवढ्याने त्यांचं भागत होतं. नवरदेव निघायच्या चालीला पाय पुढे गेले आणि ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालायला लागले, मागे ड्रम. लोक मान वळवून बघत होते. तिथेच सूर पुन्हा सुटले. मला पातेल्याजवळ उभ्याने कळलं, आता गेलं. ड्रम त्यांच्या मागे धावेल असं मला वाटलं.

धीरजने ड्रम बंद केला. काठ्या वर धरल्या आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

मागे काहीच नाही म्हटल्यावर भाऊंचं बोट चुकलं. ते वळले. सबंध हॉल बघत असताना ते भावाकडे बघत राहिले, क्लॅरिनेट ओठांपासून थोडं दूर. धीरजच्या काठ्या अजून वरच होत्या. मग भाऊंनी श्वास घेतला आणि एक सूर लांब धरला, जसा धीरज धरायचा. तो सूर हलला, घसरला, पण त्यांनी सोडला नाही. त्याच्यावर धीरजने काठी टाकली. निरोपाची चाल त्यांनी त्या लयीत वाजवली. बायका या वेळी एकमेकींकडे बघत नव्हत्या. रमिलावहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

नंतर जालमसिंगच्या माणसांनी पावऱ्या उचलल्या आणि हॉलचा नूरच पालटला, तो वेगळा विषय. चहाच्या वेळी जालमसिंग धीरजजवळ येऊन म्हणाला, "तू थांबलास ते चांगलं केलंस," आणि त्याच्या हातातल्या काठ्या घेऊन उलटसुलट करून बघत राहिला.

दुपारच्या गाडीने धीरज परत गेला. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. ट्रम्पेटची पेटी त्याने या वेळी सोबत नेली. मोठ्या मुलाच्या तोंडाला लावून बघतो, म्हणाला.

आता तो बैठकीला कधी येतो, कधी नाही. सुट्टी मिळाली तर येतो. आला नाही त्या रविवारी हेमराजभाऊ सरांच्या तबल्यावर वाजवतात आणि अजूनही पळतात, सर अजूनही मान हलवतात, आणि कुठे पळालो ते भाऊ मग धीरजला फोनवर सांगतात. परवा मी त्यांना विचारलं, "भाऊ, आता तरी बसून वाजवून बघा ना." ते माझ्या दाराशी उभ्याने चहा पीत होते. म्हणाले, "बठनू तर उधन्याले फोन कोण करी?" आणि कप माझ्या हातात देऊन, फोन कानाला लावून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चालत गेले.