फ्रीजरमधला मे महिना

उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी पाहुणा आला आणि मी घरची गुलफी पुढं केली, की तो विचारतोच, "बाई, कशी करता ही?" मी सांगते. दूध आटवायचं, साखरेऐवजी खजूर वाटून घालायचा, निवलं की स्टीलच्या ग्लासात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं. झालं. पण खजूर म्हटलं की मला ओजस आठवतो, ग्लास म्हटलं की चिमी, आणि मग माझी गाडी थांबत नाही. आमचे सुभेदार पेपरातून मान वर न काढता पाहुण्याला सांगतात, "रेसिपी दोन मिनिटांची आहे. किस्से संध्याकाळपर्यंत चालतील. बसा निवांत."

सुभेदार म्हणजे माझे मालक. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. मी इथल्याच शाळेत बाई होते. वडूजपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव. मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. त्याची दोन मुलं, ओजस आणि चिमी, परीक्षा संपली की आमच्याकडे यायची ती थेट शाळा उघडायच्या आधी परत जायची. तिसरी सोनाली. ती शेजारची. तिचे आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. शाळेसाठी ही आजीजवळ राहायची आणि मे महिनाभर आमच्याकडे.

*

पहिल्या वर्षी सूनबाईनं मुलांबरोबर एक यादी पाठवली होती. विकतचं गारेगार नाही, रंग नाही, साखर नाही. ओजसच्या दोन दाढा किडल्या होत्या, त्यामुळे तिचंही बरोबर होतं. पण बाहेर ऊन असं, की अंगणात पाय ठेवला तर चटका बसायचा. दुपार झाली की दोघं फरशीवर लोळत पडायची.

मग मी कलिंगडाचा रस काढला. त्यात लिंबू पिळलं, चिमूटभर सैंधव टाकलं आणि ग्लास भरून फ्रीजरला लावले. साखर नसली की बर्फ दगडासारखा होतो, हे मला कुठं ठाऊक? दुसऱ्या दिवशी ते ग्लासातून निघेचना. ओजसला धीर नव्हता. त्यानं ग्लासाच्या काठालाच जीभ लावली, आणि जीभ चिकटली.

पोरगं घाबरलं. चिमी त्याच्यापेक्षा जास्त घाबरली. सुभेदार शांतपणे उठले, "हिलना मत" म्हणाले, कोमट पाण्याचा तांब्या आणला आणि काठावर हळूहळू धार धरली. जीभ सुटली.

ओजसनं विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? तेव्हा ते म्हणाले की लडाखला असताना एका जवानाचे ओठ असेच बाटलीला चिकटले होते. लग्नाला आमच्या तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती, आणि लडाखचं एक अक्षर त्यांनी घरात कधी काढलं नव्हतं. त्या दुपारी मुलं विचारत गेली आणि ते सांगत गेले. मी दाराआड पीठ चाळत ऐकत होते. शेवटी चिमीनं विचारलं, "एवढा बर्फ होता, तर तुम्ही त्याचं गारेगार करून खाल्लं का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "तिथं आम्हाला गरम भाकरीची स्वप्नं पडायची. तुझ्या आजीच्या हातची."

चाळण माझ्या हातात तशीच राहिली.

*

दुसऱ्या वर्षापर्यंत मी शहाणी झाले होते. कलिंगडात केळं कुस्करून घातलं की बर्फ मऊ होतो, आमरसात थोडा चक्का मिसळला की दाताला कचकच लागत नाही, हे कळलं होतं. अडलं होतं ते काड्यांपाशी. दुकानात काड्या मिळाल्या नाहीत. सुभेदार म्हणाले, काळजी नको. त्यांनी अंगणातल्या झाडाच्या फांद्या तोडल्या, चाकूनं तासल्या, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या. दोन दिवस खपत होते. अशा सुबक काड्या की ठेवणीत ठेवाव्यात.

गारेगार तयार झालं. तिघांनी एकदमच तोंडात घातलं आणि तिघांची तोंडं एकदमच वाकडी झाली. काड्या कडुलिंबाच्या होत्या.

सुभेदार म्हणाले, दातांना चांगलं असतं, खा. ओजस आणि चिमीनं अंगणात थुंकून टाकलं. सोनालीनं मात्र सगळं संपवलं, काडीसुद्धा चोखून साफ केली. मी म्हटलं, अगं कडू लागत नाही का? तर म्हणाली, "लागतंय की. पर सुभेदारांनी दोन दिस घासल्यात."

*

नाचणीचं सांगते. नाचणीचं पीठ दुधात शिजवलं, खजूर घातला, की रंग अगदी चॉकलेटसारखा येतो. मी काही न बोलता ग्लास पुढं केले. चिमी म्हणाली, चॉकलेट आहे? मी नुसती हसले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. चिमीनं महिनाभर ते चॉकलेट म्हणून खाल्लं.

पुण्याला गेल्यावर तिच्या आईनं तिच्यापुढं खरं चॉकलेट आईस्क्रीम ठेवलं. चिमीनं एक चमचा खाल्ला आणि बशी सरकवली. त्याच संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. तिचा आवाज जरा नरमला होता. "आई, ही म्हणते हे खोटं चॉकलेट आहे, आजीकडचं खरं. मला तिकडचं कसं करायचं ते सांगा ना."

त्या दिवशी आम्ही दोघी पाऊण तास बोललो. त्याआधी आमचं बोलणं मुलांचं जेवण आणि औषधं यापुढं गेल्याचं मला आठवत नाही.

*

एका वर्षी ऐन मेमध्ये गावचा डीपी जळाला. लाईट दोन दिवस येणार नाही असं कळलं. फ्रीजरमध्ये बावीस ग्लास. आंब्याचे, दह्याचे, करवंदांचे. मुलांनी आठवडाभर खपून केलेले. चिमी फ्रीजच्या दाराला टेकून बसली आणि कुणाला उघडू देईना.

सुभेदारांनी हुकूम सोडला, "पूरा माल बाँट दो." मग तिघं ताटात ग्लास मांडून गल्लीत घरोघर फिरली. ग्लास आमचे होते, म्हणून परत यायला हवेत, असं मी बजावून सांगितलं होतं.

संध्याकाळी ग्लास यायला लागले. एकात शेंगा. एकात चार कैऱ्या. एकात ठेचा. एकात सोनालीच्या आजीनं नुसते तांदूळ घालून दिले होते, कारण तिच्याकडं त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. ओजसनं विचारलं, आपण तर फुकट दिलं होतं, मग हे का? मी सांगितलं, कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

जूनमध्ये चिमीनं पुण्याला आईकडून नाचणीची गुलफी करवून घेतली आणि समोरच्या फ्लॅटमध्ये एक वाटी नेऊन दिली. रात्री मला फोन. "आजी, वाटी परत आली." मी म्हटलं, छान. मग म्हणाली, "स्वच्छ घासून दिली त्यांनी. पण आत काहीच नव्हतं. ते विसरले असतील ना?"

"विसरले असतील," मी म्हटलं.

*

प्रशांत मुलांना न्यायला यायचा तो एक रात्र राहायचा. आला की फोन, जेवतानाही फोन. एका वर्षी तो आला तेव्हा ओजसनं त्याच्या हातात करवंदाचं गारेगार दिलं. दोनदा चाटलं आणि त्यानं फोन खाली ठेवला. मला म्हणाला, "आई, आमच्या वेळी का नाही केलंस हे?"

आमच्या वेळी घरात फ्रीज नव्हता, हे एक. दुसरं म्हणजे शाळेच्या फाटकाशी सायकलवर गारेगारवाला यायचा, त्याचं लाल-पिवळं पाणी बघून मी वर्गात सक्त ताकीद दिली होती. बाईंच्या पोरानं तर अजिबात खायचं नाही. प्रशांत फाटकाशी उभा राहून दुसऱ्यांचं बघायचा. ते मला आजवर टोचत होतं. मी त्याला तसं सांगितलं. म्हटलं, तुला एकदा तरी घेऊन द्यायला हवं होतं रे.

तो हसायला लागला. "मी खायचो की. बाबा सुट्टीवर आले की. शाळेमागच्या चिंचेखाली आम्ही दोघं. तुला सांगायचं नाही अशी बोली होती."

मी सुभेदारांकडं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. यांची सुट्टी वर्षातून एक महिना. तो महिना मी पुरणपोळ्या, पाहुणे आणि घराची डागडुजी यांत घालवायची.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," दोघं एकदम म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. एकच वाटलं, तिसरी मीही जाऊ शकले असते चिंचेखाली. मला कुणी बोलावलं नाही, कारण मी बाई होते.

*

यंदा ओजस येणार नाही. दहावीचे क्लास एप्रिलपासूनच सुरू आहेत. चिमीचं पोहण्याचं शिबिर आहे, ती शेवटच्या आठवड्यात येते म्हणाली, बघू. सोनाली साताऱ्याला वसतिगृहात असते. तरी मी मध्यंतरी दूध आटवलं. सवयीनं सहा ग्लास भरले आणि मग आम्ही दोघांनी बसून दिवसाला एक असे निम्मे-निम्मे खाल्ले. सुभेदार म्हणाले, खजूर कमी पडलाय. पडला नव्हता.

*

आता सोनालीचा किस्सा सांगते आणि थांबते.

ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. ओजस आणि चिमी जायच्या आदल्या दिवशी तिघांनी शेवटची गुलफी केली. सोनाली म्हणाली, आज माझी मी एकटी करणार, कुणी हात लावायचा नाही. दूध तिच्या आजीच्या शेळीचं. ते तिनं चुलीपुढं बसून आटवलं, खजूर स्वतः वाटला. एकच ग्लास झाला. ओजसनं आणि चिमीनं आपापले तिथंच खाल्ले. सोनालीनं आपला फ्रीजरच्या पार मागं सरकवला. मी म्हटलं, तू नाही खात? तर म्हणाली, "आबा-आई आल्यावर."

दरवर्षी ते मृगाच्या आसपास यायचे. त्या वर्षी आले नाहीत. शाळा सुरू झाली. सोनाली रोज शाळा सुटली की आमच्याकडं यायची, फ्रीजर उघडायची, बोटानं ग्लास दाबून बघायची आणि जायची. मी एकदा म्हटलं, अगं खाऊन टाक, ते आले की ताजी करू. ती म्हणाली, "ही पयली हाय, बाई." मग मी तो विषय काढला नाही. लाईट गेली की सुभेदार माझ्याआधी उठून फ्रीजवर गोधडी टाकायचे.

एका रविवारी दुपारी तिचे आबा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मेंढरं गावापासून दोन कोसांवर तळ्याकाठी बसवली होती, बायको तिथंच होती. हे एकटे म्हातारीला बघायला पुढं आले होते. सोनाली आमच्याकडं आहे कळलं म्हणून इकडं आले. सात महिन्यांनी बापलेक समोरासमोर. तो खाली बघतोय, ही माझ्या पदराआड. मग ती पळत आत गेली आणि ग्लास घेऊन आली. त्याच्या हातात दिला तसा तो गारव्यानं दचकला.

"म्या केलीया," ती म्हणाली. "तुमी निम्मी खावा. निम्मी आईला."

त्यानं ग्लासात बघितलं. वास घेतला. म्हणाला, "निम्मी करायला आई बी पायजे की गं."

सुभेदारांनी स्कूटर काढली. मी ग्लासाला ओलं फडकं गुंडाळलं, वरून गोणपाट बांधलं. पुढं सुभेदार, मागं आबा, मधे सोनाली ग्लास पोटाशी धरून. पाऊस अजून लागायचा होता, रस्ता खडीचा, ऊन डोक्यावर.

पुढचं मला सुभेदारांनी सांगितलं. तिची आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. लेकीला बघून उठली, पण हात पिठाचे, म्हणून तशीच उभी राहिली. सोनालीनं गोणपाट सोडलं, फडकं सोडलं. आत सगळं दूध झालं होतं. आई एक घोट प्याली आणि ग्लास नवऱ्याकडं दिला. तो एक घोट प्याला आणि त्यानं लेकीला दिला. असा ग्लास फिरत फिरत रिकामा झाला.

मग सोनाली रडायला लागली. "आई, ह्याचा बर्फ झाला व्हता. खरंच झाला व्हता गं. तू बघाय पायजे व्हतंस."

आईनं तिच्या हातातून रिकामा ग्लास घेतला आणि तिच्याच गालाला लावला.

"हाय की," ती म्हणाली. "बघ. अजून गार हाय."